आठ आण्यांचा कुत्रा

७ जून १८३२, गुरुवार. मुंबईच्या कोटातली, म्हणजे आजच्या फोर्टमधली, दुकानं त्या दिवशी उघडलीच नाहीत. बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांकडे जाणारं रोजचं खाण्यापिण्याचं सामान अडवलेलं. रस्त्यात जमाव, आणि त्या जमावाने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाच्या गाडीवर घाण फेकलेली. शेवटी दंगलीचा कायदा वाचून दाखवावा लागला आणि लष्कर बोलवावं लागलं.

कारण काय असेल? कर? धर्मांतर? अफूचा भाव? नाही. कारण होतं कुत्री. रस्त्यावरची साधी गावठी कुत्री.

आणि बंद पाडणारे कोण, तर पारशी! ज्यांची कंपनी सरकारशी भागीदारी, दोस्ती आणि उठबस होती, ते पारशी.

'बॉम्बे डॉग रायट्स' या नावाने ही दंगल इतिहासात नोंदलेली आहे. शाळेच्या पुस्तकात ती मला कधी भेटली नाही, तुम्हालाही भेटली नसणार. पण आपल्यापैकी जो कोणी सोसायटीच्या मीटिंगला "कुत्र्यांचं काय करायचं?" या विषयावर तासभर बसून डोकं धरून घरी आला असेल, त्याने ही गोष्ट जरूर वाचावी. जवळपास दोनशे वर्षं झाली, आपण अजून त्याच मीटिंगमध्ये बसलोय. :-)

तर आधी थोडी पार्श्वभूमी.

मोकाट कुत्री मारायची पद्धत कंपनीने इथे शोधून काढलेली नाही, ती विलायतेहून आली. १७६० साली लंडनमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांची अशीच दहशत पसरली होती, तेव्हा रस्त्यावरचं कुत्रं मारणाऱ्याला दोन शिलिंग बक्षीस लावलं होतं. तोच कित्ता मुंबईत. १८१३ च्या नियमाने वर्षातून दोन वेळा, साधारण मध्य एप्रिल ते मध्य मे आणि मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर, मोकाट कुत्री मारायची परवानगी मिळाली. हेच महिने का? तर उन्हाने कुत्री पिसाळतात असा तेव्हाचा पक्का समज. (रेबीज विषाणूमुळे होतो, उन्हाशी त्याचा संबंध नाही. पण ते कळायला अजून बराच अवकाश होता.) १८३२ साली सरकारने उन्हाळ्यातली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली.

आणि दर? प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे.

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ते हे आठ आणे. आज हसू येईल, पण मजुराची महिन्याची कमाई जेव्हा चार-सहा रुपडे असायची त्या काळात अर्धा रुपया ही मोठी रक्कम होती. आता जरा त्या कुत्रे मारणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. खरंच पिसाळलेलं कुत्रं शोधणं कठीण, पकडणं त्याहून कठीण, आणि जिवाला धोका. उलट एखाद्याच्या ओट्यावर झोपलेलं, माणसाळलेलं, 'यू यू' केल्यावर शेपटी हलवत येणारं कुत्रं मारणं अगदी सोपं. मोबदला दोन्हीचा सारखाच, आठ आणे. तुम्ही कुठलं माराल?

झालं तेच. लोक मोकाट कुत्र्यांवरून पाळीव कुत्र्यांवर आले, रस्त्यावरून घराच्या आवारात आले. दारातलं कुत्रं ओढून नेऊन मारल्याच्या तक्रारी वाढल्या.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे फार समजावून सांगायला नको. मी एका ठिकाणी कामाला होतो तिथे टेस्टिंग टीमचं अप्रेझल सापडलेल्या बग्जच्या संख्येवर ठरवायचं असं एका वर्षी वरून ठरलं. त्या वर्षी बटणाचा रंग किंचित फिका आहे, लेबलमध्ये एक स्पेस जास्त आहे, असे शेकडो बग लॉग झाले. जो बग खरा चावणारा होता, तो शोधायला आठवडा लागणार म्हणून कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. तो सापडला तो क्लायंटलाच. संख्येला पैसे लावले की संख्या मिळते, काम मिळेलच असं नाही. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईमध्ये उंदरांच्या शेपट्यांवर बक्षीस लावलं, तेव्हा शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसायला लागले. शेपटी कापून उंदीर सोडून द्यायचा, म्हणजे पिल्लं होतील आणि धंदा चालू राहील! माणूस सगळीकडे सारखाच.

असो. कुत्र्यांकडे येऊ.

पारशी इतके का पेटले? 'त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र आहे' हे एका वाक्यातलं उत्तर. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. पारशी अंत्यविधीत 'सगदीद' नावाचा विधी असतो. सग म्हणजे कुत्रा आणि दीद म्हणजे बघणं. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्यासाठी 'चार डोळ्यांचा' कुत्रा, म्हणजे ज्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके असतात तो, उत्तम मानलेला. मेल्यावर ज्या पुलावरून आत्मा पलीकडे जातो त्या चिन्वत पुलापाशीही कुत्रे राखण करतात अशी श्रद्धा. कुत्र्याला जेवणातला घास काढून ठेवायचा हाही रिवाज.

पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पारशांच्या 'वेंदिदाद' या प्राचीन ग्रंथात कुत्र्यांवर चक्क नियमावली आहे. पिसाळलेल्या, न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं? तर त्याच्या मानेला लाकडी जोखड घालून त्याला खांबाला बांधायचं आणि माणसाला करावेत तसे त्याच्यावर उपचार करायचे. आणि एखादी कुत्री कोणाच्या तरी जागेत व्यायला आली, तर तिची जबाबदारी कोणाची? तर जे घर सगळ्यात जवळ, त्या घरातल्या माणसाची. पिल्लं आपली आपण जगण्याइतकी मोठी होईपर्यंत त्याने तिला सांभाळायचं. नाही सांभाळलं तर तो दोषी.

म्हणजे बघा, नुसतं 'दया करा' असं म्हणून सोडून दिलेलं नाही. कोणी करायची ते नेमून दिलंय. आमच्या भाषेत, तिकिटावर 'असाइन्ड टू'चा रकाना भरलेला आहे.

कंपनीच्या नियमात नेमका हाच रकाना रिकामा होता. त्यांच्या लेखी कुत्रा एक तर मालकाचा, नाही तर मोकाट. साहेबाचा कुत्रा बंगल्यात असायचा, गळ्यात पट्टा असायचा, त्यामुळे हा हिशेब त्याला सोपा वाटला. पण आपल्याकडचा कुत्रा या दोन्हीत कधी बसला नाही. तो आळीचा असतो. एका घरी भाकरी खातो, दुसऱ्या घराच्या पायरीवर झोपतो, तिसऱ्याकडे चोर आला तर भुंकतो. हे पारशांपुरतं नव्हतं. वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी घास काढणारे हिंदू होते, जीवदया मानणारे जैन व्यापारी होते. दत्ताच्या पायाशी कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा, आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे ज्या कुत्र्याला कंपनी 'कोणाचाच नाही' म्हणत होती, तो प्रत्यक्षात दहा घरांचा होता.

पण (आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे) दहा घरांचा असणं म्हणजे घास घालण्यापुरता दहा घरांचा. तो चावला की मात्र कोणाचाच नाही.

६ जूनला भडका उडाला. पारशांचा तो धार्मिक दिवस होता. कोटात कुत्री मारायला आलेल्या दोन गोऱ्या शिपायांवर दोनेकशे पारशांचा जमाव चालून गेला आणि त्यांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बंद. हिंदू आणि इतर लोकही सामील झाले. मालाची ने-आण करणारे, दुकानदार, पुरवठेदार सगळे थांबले, जे थांबेनात त्यांना थांबवलं गेलं. कोटातलं आणि छावणीतलं रोजचं जगणं किती लोकांच्या हातावर चालतं हे सरकारला एका दिवसात कळलं. मग लष्कर आलं, धरपकड झाली.

या दंगलीवर जेसी पालसेतिया या इतिहासकाराचा चांगला अभ्यास आहे. त्यातून दिसतं ते असं की पारशांना इंग्रजांचं राज्य उलथवायचं वगैरे अजिबात नव्हतं. समाजातल्या बड्या शेटियांनी हाणामारीपासून स्वतःला दूरच ठेवलं आणि नंतर मध्यस्थी केली. त्यात पुढे होते जमशेटजी जीजीभाई. तेव्हा ते 'सर' नव्हते, ती पदवी १८४२ ची. सरकारकडे अर्ज गेला, त्याचा सूर साधारण असा: झाल्या प्रकाराबद्दल लोकांना माफी द्यावी, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत. सरकारने बरंचसं मान्य केलं.

दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन मुंबईत पांजरपोळ काढली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःच लागत बसवून तिचा खर्च उचलला. भुलेश्वर-सी.पी. टँकच्या गर्दीत ती आजही आहे. माधवबागेकडे कधी गेलात तर बघून या. आता तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण ती सुरू होण्यामागे मोकाट कुत्र्यांचाही वाटा होता.

हा तोडगा मला आवडतो. माणसं नुसती 'मारू नका' म्हणून थांबली नाहीत. त्यांनी खिशात हात घातला, जागा दिली, रोजचा खर्च कोण करणार ते ठरवलं. पण खरं सांगायचं तर अर्धा तोडगा अगदी कच्चा होता. 'शहराबाहेर नेऊन सोडा' म्हणजे काय? बाहेर पण गावंच होती, तिथेही माणसं राहत होती. आणि मोकळ्या झालेल्या गल्लीत दुसरी कुत्री यायला किती वेळ लागतो? उकिरडा तिथेच, खरकटं तिथेच. जागा रिकामी राहत नाही.

शिवाय एक गोष्ट तेव्हा दोन्ही बाजूंकडे नव्हती. लस. १८३२ साली पिसाळलेलं कुत्रं चावून लक्षणं दिसायला लागली की माणूस मरणार हे ठरलेलं. (लक्षणं दिसल्यावर आजही जवळपास तसंच आहे.) त्यामुळे सरकारची भीती खोटी नव्हती, हे पारशांची बाजू घेताना विसरू नये. तेव्हा लहान पोरांच्या आईबापांना रस्त्यावरच्या कुत्र्याची जी धास्ती वाटत असेल ती अगदी खरी होती. जुलै १८८५ मध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हा कुठे चावा आणि मृत्यू यांच्यामध्ये आडवं घालायला काहीतरी मिळालं.

आणि गंमत बघा. ज्या इंग्रजांनी मुंबईत डोक्यामागे आठ आणे लावले, त्यांनी स्वतःच्या देशातून रेबीज कसा घालवला? नुसती कुत्री मारून नाही. १८९७ पासून सरकारने कडक हुकूम काढले, की घराबाहेर पडणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला मुसकं पाहिजे. बाहेरून येणारा कुत्रा आधी क्वारंटाइनमध्ये. बिनमुसक्याचा कुत्रा दिसला तर मालकाला दंड. कुत्राप्रेमी खवळले, प्राणीमित्र संघटनांनी हा छळ आहे म्हणून विरोध केला, मंत्र्याला शिव्या पडल्या. पण १९०२ पर्यंत ब्रिटन रेबीजमुक्त झालं. पुढे पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्यांबरोबर तो पुन्हा शिरला आणि त्याच उपायांनी १९२२ पर्यंत पुन्हा गेला.

फरक कुठे पडला? तर हुकूम कुत्र्याला नव्हता, मालकाला होता. रकाना भरला गेला.

आपल्याकडे मात्र तो रिकामाच राहिला. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही आपल्या आईबाबांच्या पिढीची जी दंतकथा आहे ना, ती याच लशीची. इतर देशांनी सोडली तरी ती आपल्या सरकारी दवाखान्यांत २००४-०५ पर्यंत टिकली. दुसरीकडे पालिकांनी कुत्री मारणं चालूच ठेवलं. मुंबईत तर थेट १९९० च्या दशकापर्यंत. म्हणजे १८१३ पासून धरलं तर, मध्ये खंड पडला असेल तो धरूनसुद्धा, पावणेदोनशे वर्षांचा प्रोजेक्ट. आणि आउटपुट? कुत्री होती तिथेच, रेबीजही होता तिथेच. मग २००१ मध्ये केंद्राचे नियम आले: पकडा, नसबंदी करा, लस द्या, त्याच जागी परत सोडा. २०२३ मध्ये ते नव्याने आले, आणि त्यात 'भटका' ऐवजी 'सामुदायिक प्राणी' असा शब्द वापरला. म्हणजे आळीचा कुत्रा शेवटी कायद्यात शिरला!

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांनी मोठ्या खंडपीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लस देऊन परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच. त्या अकरा दिवसांत दोन्ही बाजूंनी जे काही लिहिलं आणि बोललं गेलं, ते वाचताना मला सारखा १८३२ चा कोट आठवत होता. एका बाजूला 'हटवा', दुसऱ्या बाजूला 'हात लावू नका'. मधला रकाना परत रिकामा.

तो भरला तर काय होतं याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोवा. २०१४ पासून तिथे 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार मिळून वाडी-वाडीत फिरून कुत्र्यांना लस देतायत. पाळीव कुत्री दारात, मोकाट कुत्री जाळ्यात धरून. लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, आणि प्रत्येकाची नोंद मोबाइल अॅपमध्ये जीपीएससकट, म्हणजे कुठली वाडी राहिली ते नकाशावर लगेच दिसतं. जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिकवणं आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. हा आकडा त्यांनी गाठला, कुत्र्यांमधला रेबीज ९० टक्क्यांहून जास्त घटला आणि २०१९ मध्ये माणसांचे मृत्यू शून्यावर आले. २०२१ मध्ये 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालेलं गोवा हे देशातलं पहिलं राज्य.

इथेही मोजणी होतीच की! फक्त मेलेली कुत्री मोजण्याऐवजी लस दिलेली जिवंत कुत्री मोजली.

आता आपल्या सोसायटीपुरतं बोलू. कारण दिल्ली-गोव्यावर मत देणं सोपं असतं.

घरात कुत्रा असेल तर दरवर्षीची रेबीजची लस, पालिकेकडे नोंदणी आणि खाली नेताना हातात पट्टा, हे तीन चुकवायचे नाहीत. "आमचा कधी चावत नाही हो" हे वाक्य चावा होईपर्यंत प्रत्येक मालक म्हणत असतो. लिफ्टमध्ये समोरच्या मुलाला भीती वाटत असेल तर पुढची लिफ्ट घ्यावी, आपलं काही जात नाही. आणि अमेरिकेला जाताना किंवा घरात बाळ आलं म्हणून लॅब्राडोरला हायवेला सोडून येणारे जे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला मला सभ्य शब्द सापडत नाही. घरात वाढलेलं जनावर रस्त्यावर काही दिवससुद्धा काढू शकत नाही.

खाली कुत्र्यांना खायला घालत असाल तर तुमच्याबद्दल मला आदर आहे, मनापासून. पण वेंदिदादचा नियम तुम्हालाही लागू! जवळचं घर तुमचं. ज्यांना रोज खायला घालता त्यांच्या कानाला नसबंदीची खाच आहे का ते बघा, नसेल तर पालिकेला किंवा एखाद्या संस्थेला कळवून ती करून घ्या. लशीची तारीख लिहून ठेवा, फाटकापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब एक जागा ठरवा, खरकटं उचला. तुमच्याकडे ते विश्वासाने येतात, म्हणून त्यांना पकडून देणंही तुम्हालाच जमतं.

आणि "हाकला सगळ्यांना" म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का ते बघावं. तुम्ही हाकललेलं कुत्रं पुढच्या सोसायटीत जातं आणि तिथलं तुमच्याकडे येतं. वर नवं आलेलं कुत्रं लस दिलेलं आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. ओळखीचं, लस दिलेलं कुत्रं तेवढी जागा अडवून बसलेलं असतं, हा आपलाच फायदा.

एवढं करूनही चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आता पोटात चौदा नाहीत, दंडात मोजकी असतात. पण सगळी घ्यायची. चावणारं पिल्लू होतं, घरचं होतं, नुसतं ओरखडलं, ही कारणं चालत नाहीत.

यातलं काहीच मोठं शास्त्र नाही, खर्चही फार नाही. लागतो तो एक कागद, ज्यावर आवारातल्या प्रत्येक कुत्र्यापुढे एका माणसाचं नाव लिहिलेलं असेल. पुढच्या मीटिंगमध्ये 'कुत्र्यांचं काय करायचं' यावर तास घालवण्याआधी दहा मिनिटं त्या कागदाला देऊन बघा. आठ-दहा कुत्री असतील, आणि तेवढी नावं कुठल्याही सोसायटीत निघतात.